हेडिंगची डायल कधी दुप्पट पळते, कधी अडते: सेटिंग बदलण्याआधी खटके मोजा

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात एक नव्हे तर दोन तक्रारी आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. तुम्ही लिहिले आहे ते थोडक्यात असे: तुम्ही नाशिकरोडला राहता, घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर चालवता आणि आर्डुइनो प्रो मायक्रो या छोट्या, प्रोग्राम चढवता येणाऱ्या बोर्डाला पाच फिरत्या डायल जोडून ऑटोपायलटचे पॅनेल स्वतः तयार केले आहे. हेडिंगची, म्हणजे विमानाची दिशा अंशांत ठरवणारी, डायल सावकाश फिरवली की एका खटक्याला दोन अंश सरकतात, भरभर फिरवली की आकडा अडखळतो, आणि ओझरहून निघून मुंबईजवळ पोहोचल्यावर हे अडखळणे आणखी वाढते. सेन्सिटिव्हिटीच्या पानावर या डायलसाठी स्लायडरच दिसत नाही, तेव्हा तिची संवेदनशीलता कमी-जास्त करायची कुठून, असे तुम्ही विचारले आहे.

स्लायडर दिसत नाही, कारण अशा डायलसाठी तो असतच नाही. सिम्युलेटरचे सेन्सिटिव्हिटीचे पान फक्त अक्षांसाठी, म्हणजे जॉयस्टिक, रडर पेडल, थ्रॉटल यांच्यासाठी असते; तिथला डेड झोन, रिॲक्टिव्हिटी आणि वक्ररेषा या सगळ्यांना एक सलग बदलणारा आकडा लागतो. तुमची डायल असा आकडा देतच नाही. ती फक्त ‘एक घर पुढे’ किंवा ‘एक घर मागे’ एवढेच सांगते, आणि ज्याला आपण तिची संवेदनशीलता म्हणतो ती तीन वेगळ्या टप्प्यांवर ठरते: एका खटक्याला बोर्ड किती पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजतो, त्यांतल्या किती पल्स सिम्युलेटरपर्यंत धडपणे पोहोचतात, आणि पोहोचलेल्या प्रत्येक पल्सला सिम्युलेटर किती मोठी पायरी टाकतो. तुमची पहिली तक्रार पहिल्या टप्प्यातली आहे आणि दुसरी दुसऱ्या टप्प्यातली. या दोन्हींवर एकच उपाय शोधत राहिलात तर एक बाजू सुधारताना दुसरी बिघडेल, आणि तुमचे गेले दोन आठवडे बहुधा त्यातच गेले असावेत.

मी २२ वर्षे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशिनांची देखभाल करतो आणि फावल्या वेळात सिडकोतल्या घरी सिम्युलेटरची पॅनेले बनवतो, दुरुस्तही करतो. ही दोन कामे वरवर पाहता एकमेकांपासून दूरची वाटली, तरी डायलच्या बाबतीत ती एकच आहेत, म्हणून पुढे मी मशिनचा दाखला एकदोनदा देईन.

सर्वांत आधी एक खात्री करून घ्या. फिरत्या डायल दोन जातींच्या असतात. एक पोटेन्शिओमीटर: ही साधारण ३०० अंश फिरते आणि दोन्ही टोकांना अडते. एक्स-५२ किंवा एक्स-५६ सारख्या थ्रॉटलवरच्या फिरत्या डायल या जातीच्या आहेत. त्या अक्ष म्हणून दिसतात आणि सेन्सिटिव्हिटीचे पान त्यांना लागू पडते. दुसरी जात रोटरी एन्कोडरची: ही दोन्ही दिशांना न अडता फिरत राहते आणि बोटाला खटके जाणवतात. हनीकोंब ब्राव्हो या तयार थ्रॉटलवरची ऑटोपायलटची डायल आणि तिथले ट्रिमचे, म्हणजे विमानाचा समतोल साधण्याचे, चाक याच जातीचे आहे, आणि तुमच्या पाचही डायल वर्णनावरून याच जातीच्या दिसतात. पुढचे सगळे विवेचन एन्कोडरबद्दल आहे.

आता चाचणी. नॉबवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या, म्हणजे खटके मोजताना चूक होणार नाही. विमान धावपट्टीवर उभे असताना हेडिंग ठरावीक आकड्यावर, समजा ९० वर, आणा आणि डायल अगदी सावकाश, सेकंदाला एक या गतीने, १० खटके फिरवा. आकडा लिहून ठेवा. हे तीन वेळा करा. मग तेच १० खटके शक्य तितक्या भरभर, एका झटक्यात फिरवा आणि तेही तीनदा लिहून ठेवा. ही सहा निरीक्षणे हातात आल्याशिवाय कोणतेही सेटिंग बदलू नका. मशिनवर काम करणाऱ्या नव्या मुलांनाही मी हेच सांगतो, कारण मोजण्याआधी स्क्रू फिरवला की मूळ दोष कुठे होता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

सावकाश फिरवताना तिन्ही वेळा नेमके २० अंश सरकले, तर दोष सेटिंगचा आहे. एकदा १२, एकदा १४, एकदा ११ असे विस्कळीत आकडे आले, तर दोष विजेच्या जोडणीचा किंवा संपर्कांवरच्या धुळीचा आहे. नियमित चूक गणिताची, अनियमित चूक संपर्काची. हा भेद मला आजवरच्या कामात फार उपयोगी पडला आहे. तुमच्या लिहिण्यावरून तुमची चूक नियमित, दुपटीची दिसते, म्हणून आधी गणित पाहू.

एन्कोडरच्या आत दोन संपर्क असतात, त्यांना अ आणि ब म्हणू. डायल फिरताना ते एकाच वेळी उघडझाप करत नाहीत, तर पाव चक्राच्या अंतराने करतात. त्यामुळे एका पूर्ण चक्रात दोघांच्या मिळून चार अवस्था येतात: ००, ०१, ११, १० आणि पुन्हा ००. उलट फिरवले की हाच क्रम उलटा होतो, आणि त्यावरूनच बोर्डाला दिशा कळते. आता अडचण अशी की एका खटक्यात किती अवस्था पार व्हाव्यात हे प्रत्येक कारखानदाराने वेगवेगळे ठरवलेले असते. काही एन्कोडरमध्ये एका खटक्याला पूर्ण चक्र होते, म्हणजे चार बदल. काहींमध्ये अर्धे चक्र, म्हणजे दोन बदल. थोड्यांमध्ये प्रत्येक बदलाला एक खटका असतो. बाहेरून हे तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आणि दुकानदारालाही बहुतेक वेळा हा फरक माहीत नसतो.

बोर्डातल्या प्रोग्रामला मात्र यांपैकी कोणता एन्कोडर आहे हे सांगावे लागते. एन्कोडर पूर्ण चक्राचा आणि प्रोग्राम अर्ध्या चक्राचा असेल, तर एका खटक्याला दोन पल्स मोजल्या जातात. तुमच्याकडे हेच घडत असावे. याउलट एन्कोडर अर्ध्या चक्राचा आणि प्रोग्राम पूर्ण चक्राचा असेल, तर एक खटका वाया जातो आणि दुसऱ्याला आकडा हलतो. अशा वेळी लोक डायल ‘मंद’ आहे म्हणून तक्रार करतात. मोबीफ्लाइट हा पॅनेल सिम्युलेटरला जोडणारा प्रोग्राम वापरत असाल तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये प्रत्येक एन्कोडरपुढे त्याचा प्रकार निवडायची यादी असते: एका चक्राला एक खटका, दोन खटके, चार खटके. लिओ बोडनार यांच्या बोर्डांमध्ये हीच निवड १:१, १:२, १:४ अशी दिसते. आर्डुइनोच्या प्रचलित एन्कोडर लायब्ररीत चारही बदल मोजले जातात, म्हणून पूर्ण चक्राच्या एन्कोडरला एका खटक्यामागे आकडा ४ ने वाढतो आणि त्याला ४ ने भागणे ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी राहते. तुम्ही प्रोग्राम कुठून तरी उतरवून घेतला असेल तर ही भागाकाराची ओळ आधी शोधा. तिथे २ असेल तर तुमची पहिली तक्रार तिथेच संपेल.

अंदाजावर राहायचे नसेल तर मल्टिमीटरने दोन मिनिटांत खात्री होते. एन्कोडर बोर्डापासून सुटा करा, मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक मधल्या सामाईक पायाला आणि दुसरे अ पायाला लावा. आता एकेक खटका फिरवा आणि डायल खटक्यावर स्थिर झाल्यावरच मीटर ऐका. प्रत्येक खटक्यावर मीटर गप्प राहिला आणि फक्त दोन खटक्यांच्या मधे क्षणभर वाजला, तर एन्कोडर पूर्ण चक्राचा आहे. एका खटक्यावर वाजत राहिला, पुढच्यावर गप्प, त्यापुढे पुन्हा वाजला, तर तो अर्ध्या चक्राचा आहे. मागच्या पावसाळ्यात एका मुलाचे पॅनेल माझ्याकडे आले होते. त्याने चार डायल एका दुकानातून आणि पाचवी दुसऱ्या दुकानातून घेतली होती, आणि चारांना बरोबर बसलेले सेटिंग पाचवीला दुप्पट पळवत होते. दोन्ही एन्कोडर हातात घेऊन शेजारी धरले तरी फरक दिसत नव्हता. मीटर लावल्यावर तो पहिल्या दोन खटक्यांत कळला. म्हणून पाचही डायल एकाच जातीच्या आहेत असे गृहीत धरू नका. प्रत्येक वेगळी तपासा.

तुमचे आकडे विस्कळीत आले तर काय, हेही थोडे सांगतो. यांत्रिक संपर्क मिटताना आणि उघडताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि बोर्ड ती थरथरही पल्स म्हणून मोजू शकतो. फक्त अ कडे पाहून, तो बदलला की ब ची अवस्था विचारायची, असा सोपा प्रोग्राम या थरथरीला सहज फसतो. चारही अवस्थांचा क्रम तक्त्यात ठेवून मोजणारा प्रोग्राम फसत नाही, कारण एकाच संपर्काच्या थरथरीत आकडा एक पुढे जाऊन लगेच एक मागे येतो आणि बेरीज शून्य राहते. त्याउपर त्रास राहिलाच तर प्रत्येक संपर्कापासून ग्राउंडकडे १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आणि वर ५ व्होल्टकडे १० किलोओहमचा रोध लावा. बोर्डातला अंतर्गत पुल-अप, म्हणजे असाच वरचा रोध, २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे तुलनेने कमजोर असतो आणि वायर लांब असेल तर तो पुरत नाही. पॅनेल वर्षभर न झाकता राहिले असेल तर डायल पुढे फिरवताना मधेच एक घर मागे जाते, हे धुळीचे खास लक्षण आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब आत सोडून डायल दोन्ही दिशांना पन्नासेक वेळा फिरवली तर ती बऱ्याचदा सुधारते, नाही सुधारली तर बदलावी. एन्कोडर महाग नसतो, त्याच्यामागे दिवस घालवू नये.

आता दुसरी तक्रार, आणि माझ्या मते ही अधिक महत्त्वाची आहे, कारण ती पॅनेल बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी भेटते आणि तिचे कारण डायलमध्ये सापडत नाही.

तुमचा बोर्ड संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसतो आणि प्रत्येक खटका एक बटण दाबून सोडल्यासारखा पाठवतो. बटण किती वेळ दाबलेले दाखवायचे, हा प्रोग्राममधला एक आकडा असतो. सिम्युलेटर मात्र त्या बटणाकडे सतत पाहत बसत नाही. माझ्या अनुभवात तो साधारण प्रत्येक फ्रेमला एकदा पाहतो. म्हणजे चित्र सेकंदाला ६० फ्रेमने चालले असेल तर तो दर १७ मिलिसेकंदांनी पाहतो, ३० फ्रेमला दर ३३ मिलिसेकंदांनी आणि २० फ्रेमला दर ५० मिलिसेकंदांनी. तुमच्या प्रोग्रामने बटण २० मिलिसेकंद दाबून सोडले, तर ६० फ्रेमला ते नक्की दिसेल. पण २० फ्रेमला दोन नजरांच्या मधे ते दाबून सुटलेलेही असेल आणि सिम्युलेटरच्या लेखी काही घडलेलेच नसेल. ओझरभोवती मोकळ्या शेतांवरून उडताना तुमची डायल त्यामानाने शहाण्यासारखी वागते आणि मुंबईच्या इमारती दिसू लागल्या की अधिक बिघडते, त्याचे कारण हे आहे. डायल तीच असते, फ्रेम कमी झालेल्या असतात. खात्री करायची असेल तर मुंबईच्या धावपट्टीवर उभे राहून भरभर १० खटक्यांची चाचणी पुन्हा घ्या आणि ओझरच्या आकड्यांशी ताडून पाहा.

मग दाबण्याची वेळ वाढवावी, हा पहिला विचार मनात येतो आणि तो काही मर्यादेपर्यंत बरोबरही आहे. दाबलेली अवस्था एका फ्रेमपेक्षा थोडी जास्त ठेवा. पण त्याचबरोबर सुटलेली अवस्थाही सिम्युलेटरला दिसायला हवी, नाहीतर दोन वेगळे खटके त्याला एकच लांब दाबलेले बटण वाटतात. म्हणजे एका खटक्याला किमान दोन फ्रेम लागतात, आणि ३० फ्रेमच्या चित्रात तुम्ही काहीही केले तरी सेकंदाला १५ पेक्षा जास्त खटके या वाटेने जाऊ शकत नाहीत. मी माझा हात मोजून पाहिला आहे: आकडा नेमका लावताना मी सेकंदाला तीन-चार खटके फिरवतो, आणि घाईत अंगठा व तर्जनीने भिरकावली तर २० च्या आसपास. म्हणजे घाईतले खटके या वाटेने पूर्ण पोहोचणे शक्यच नाही. उरलेल्यांचे काय होते हे बोर्डावर अवलंबून असते. काही बोर्ड ते टाकून देतात, तेव्हा डायल अडखळते. काही रांगेत ठेवतात, तेव्हा तुम्ही हात काढून घेतल्यावरही आकडा सरकत राहतो आणि तुमचे २७० चे हेडिंग २७६ वर जाऊन थांबते. दुसरा प्रकार मला अधिक वाईट वाटतो, कारण हात थांबला की आकडा थांबलाच पाहिजे.

यावर खरा उपाय बटणाची वाट सोडून देण्याचा आहे. मोबीफ्लाइटसारखा प्रोग्राम बोर्डातून थेट खटक्यांची माहिती घेतो आणि सिमकनेक्ट या सिम्युलेटरच्याच संदेशवाहिनीमार्फत त्याला ‘हेडिंग एक घर वाढवा’ असा निरोप देतो. तिथे बटण दिसले की नाही हा प्रश्नच राहत नाही. प्रो मायक्रो बोर्ड त्यात चालतो, त्यामुळे तुम्हाला नवीन काही विकत घ्यायचे नाही, फक्त बोर्डावर त्यांचा प्रोग्राम चढवावा लागेल आणि पाचही डायलच्या जोडण्या त्यात पुन्हा नोंदवाव्या लागतील. एक संध्याकाळ त्यात जाईल. तयार, बंद डब्यातले पॅनेल असलेल्यांना बोर्डाचा प्रोग्राम बदलता येत नाही. त्यांनी एफएसयूआयपीसी किंवा स्पॅड-नेक्स्टसारख्या मधल्या प्रोग्राममधून बटणाचा अर्थ बदलावा. एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी: डायल मोबीफ्लाइटला जोडल्यावर सिम्युलेटरच्या स्वतःच्या कंट्रोल यादीतली तिची जुनी नोंद पुसून टाका. दोन्हीकडे नोंद राहिली तर एका खटक्याला दोन अंश सरकू लागतात, आणि मग माणूस पुन्हा एन्कोडरवर संशय घेत बसतो.

इथपर्यंत आलो म्हणजे एक खटका आणि एक पल्स यांचा मेळ बसला आणि पल्सही हरवत नाहीत. आता तिसरा टप्पा, पायरीचा. लोकांच्या मनात ‘संवेदनशीलता’ म्हणून जे असते ते बहुतेक वेळा हेच असते, आणि इथे बरेच काही वापरणाऱ्यावर आणि विमानावर अवलंबून आहे.

हिशोब करून पाहा. तुमच्या डायलला एका फेरीत २० खटके आहेत असे धरू. हेडिंग एका खटक्याला एक अंश असेल तर विरुद्ध दिशेला वळायला १८० खटके, म्हणजे ९ पूर्ण फेऱ्या लागतात. उंची १०० फुटांच्या पायरीने २,००० वरून १०,००० वर न्यायला ८० खटके, म्हणजे ४ फेऱ्या. व्हर्टिकल स्पीड, म्हणजे मिनिटाला किती फूट चढायचे तो वेग, १०० च्या पायरीने शून्यावरून १,५०० वर न्यायला १५ खटके, पाऊण फेरी. म्हणजे पाचही डायल एकाच पायरीने चालवल्या तर हेडिंगची नेहमीच मंद वाटेल आणि व्हर्टिकल स्पीडची नेहमीच बरी वाटेल. प्रत्येक डायलची पायरी वेगळी विचारात घ्यावी लागते ती यासाठी.

पायरी बदलायचे दोन मार्ग आहेत: हाताच्या वेगानुसार ती आपोआप वाढवणे, किंवा ती हाताने निवडणे. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि ते का, हे सांगायला मला अंबडच्या शॉपफ्लोअरवर जावे लागेल.

सीएनसी मशिनला हाताने अक्ष सरकवायचे एक चाक असते, आमच्याकडे त्याला एमपीजी म्हणतात. तेही एन्कोडरच आहे, एका फेरीत १०० खटक्यांचे. त्याच्या शेजारी एक निवडीचा स्विच असतो: एकपट, दहापट, शंभरपट. एकपटीला एका खटक्याला मिलिमीटरचा हजारावा भाग सरकतो, दहापटीला शंभरावा, शंभरपटीला दहावा. ऑपरेटर टूल जॉबजवळ, म्हणजे कापायच्या धातूजवळ, आणताना शंभरपटीवर चाक भराभर फिरवतो, दोन-तीन मिलिमीटर उरले की स्विच दहापटीवर, आणि टूल धातूला टेकवायचे असेल तेव्हा एकपटीवर. त्या वेळी तो चाकाकडे पाहतही नाही. त्याची नजर टूलच्या टोकावर असते आणि बोट एकेक खटका मोजत असते. एक खटका म्हणजे नेमके किती, हे त्याच्या हाताला ठाऊक असते म्हणूनच तो हे करू शकतो. हाताच्या वेगावर पायरी बदलणारे चाक त्याला दिले तर घाईत केलेली एक हालचाल टूल जॉबमध्ये घुसवेल.

विमान बनवणाऱ्यांनीही अनेक ठिकाणी हाच विचार केलेला दिसतो. एअरबस ए३२० च्या एफसीयूवर, म्हणजे ऑटोपायलटच्या पॅनेलवर, उंचीच्या नॉबभोवती एक कडे असते आणि ते १०० वर किंवा १,००० वर ठेवता येते. गार्मिन जी१००० या पडद्यांच्या पॅनेलमध्ये उंचीसाठी एकात एक असे दोन नॉब आहेत, बाहेरचा हजारांचा आणि आतला शेकड्यांचा. रेडिओचेही तसेच, एक मेगाहर्ट्झचा आणि एक किलोहर्ट्झचा. वैमानिकाला पॅनेलकडे फार वेळ पाहायची मुभा नसते, तेव्हा खटक्यांची किंमत आधीच ठरलेली असणे त्याच्या सोयीचे असते.

तुमच्या एन्कोडरचा दांडा दाबला जात असेल, म्हणजे त्यात बटण असेल, तर हेडिंगसाठी ते बटण पायरी १ आणि १० यांत अदलाबदल करायला वापरा आणि शेजारी एक छोटा एलईडी लावा, तो दहाच्या पायरीला पेटेल. एलईडीची ही सूचना किरकोळ समजू नका. कोणती पायरी चालू आहे हे दिसले नाही तर ही सगळी सोय उलटी अंगावर येते. नाशिकहून मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे जाताना २२० वरून २७० वर वळायचे असेल तर पन्नास खटक्यांऐवजी पाच लागतील, आणि शेवटचे दोन-चार अंश एकच्या पायरीने नेमके लावता येतील.

तरीही वेगानुसार पायरी हवीच असेल, आणि पुष्कळांना ती आवडते, तर ती कशी लावावी हे सांगतो. मोबीफ्लाइटमध्ये प्रत्येक दिशेला साधी आणि जलद अशा दोन वेगळ्या क्रिया देता येतात. स्वतः प्रोग्राम लिहीत असाल तर दोन खटक्यांमधले अंतर मोजा. सेकंदाला चार खटके म्हणजे २५० मिलिसेकंदांचे अंतर, वीस म्हणजे ५० मिलिसेकंदांचे; म्हणून सीमारेषा ७० ते ८० मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवली तर नेमके लावणारा हात कधीच चुकून जलद ठरत नाही. एकाच जलद खटक्यावर पायरी वाढवू नका, सलग तीन जलद खटके आल्यावरच वाढवा. जलद पायरी १० ऐवजी ५ ठेवा, म्हणजे आकडा पुढे निघून गेला तरी परतीचा रस्ता लहान राहतो. आणि दिशा बदलली की पायरी त्याच क्षणी १ वर आणा, कारण माणूस उलट फिरवतो तेव्हा तो बहुतेक वेळा चूक दुरुस्त करत असतो. या चार नियमांपैकी शेवटचा बहुतेक तयार प्रोग्रामांत मला दिसला नाही, आणि हाताला सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो.

मात्र हवेच्या दाबाच्या डायलला, म्हणजे उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरच्या सेटिंगला, वेगवाढ कधीही देऊ नका. एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ३० फूट. घाईत तीन घरे पुढे गेलेली डायल तुमची उंची ९० फुटांनी खोटी दाखवेल आणि ते लक्षातही येणार नाही. रेडिओच्या आतल्या नॉबलाही मी वेगवाढ देत नाही. २५ किलोहर्ट्झच्या अंतराने एका मेगाहर्ट्झमध्ये ४० पायऱ्या असतात, दोन फेऱ्यांत सगळ्या संपतात, ८.३३ किलोहर्ट्झचा रेडिओ असेल तर त्या खूप वाढतात, पण तिथेही विमानाच्या सेटिंगमधून २५ चे अंतर निवडणे हा अधिक सरळ उपाय आहे.

ट्रिमच्या चाकाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी पाचवी डायल ट्रिमसाठी ठेवली आहे असे लिहिले आहे म्हणून एवढेच सांगतो की तिथे एका खटक्याला निरोप दोनदा किंवा तीनदा पाठवणे योग्य ठरते, कारण ट्रिमला आकडा नेमका नको असतो, हाताला जाणवणारा परिणाम हवा असतो. किती वेळा पाठवायचा हे विमानानुसार बदलते. एका विमानाला बसलेला आकडा दुसऱ्यालाही बसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

विमानानुसार बदलणारी आणखी एक गोष्ट आहे. सिम्युलेटरसोबत आलेल्या साध्या विमानांना हेडिंग वाढवण्याचा सर्वसाधारण निरोप कळतो, पण फ्लायबायवायर गटाने बनवलेल्या ए३२० सारख्या तपशीलवार विमानांना त्यांचे स्वतःचे निरोप असतात. डायल सेसनामध्ये उत्तम चालली आणि एअरबसमध्ये विचित्र वागली, तर एन्कोडरकडे किंवा पल्सकडे परत जाऊ नका. त्या विमानाचा निरोप मोबीफ्लाइटच्या यादीतून वेगळा निवडा आणि विमानागणिक वेगळी फाइल जपून ठेवा.

एक शेवटची बाब, जिला कोणतेही सेटिंग लागत नाही. नॉबचा व्यास बदलून पाहा. १५ मिलिमीटरच्या नॉबला २० खटक्यांच्या एन्कोडरवर बोटाचे टोक एका खटक्याला जेमतेम २.४ मिलिमीटर सरकते, ३० मिलिमीटरच्या नॉबला ४.७. मोठा नॉब लावल्यावर कितीतरी जणांच्या ‘डायल फार हळवी आहे’ या तक्रारी मी मिटलेल्या पाहिल्या आहेत.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आधी पाचही डायल मीटरने तपासून प्रोग्राममधला प्रकार दुरुस्त करा आणि सावकाश १० खटक्यांना १० अंश मिळेपर्यंत पुढे जाऊ नका, मग मोबीफ्लाइटवर या आणि मुंबईच्या धावपट्टीवर भरभर चाचणी घ्या, पायरीचा विचार त्यानंतर करा. अडलात तर तुमची सहा निरीक्षणे, दोन्ही ठिकाणच्या फ्रेमचे आकडे आणि मीटर कोणत्या खटक्यांवर वाजला एवढे लिहून कळवा. प्रोग्राममधली एन्कोडर वाचणारी दहा-पंधरा ओळींची जागा सोबत दिलीत तर नेमक्या कोणत्या ओळीत बदल हवा तेही मी लिहून देईन.